पावणेदोन इंच

गणपती गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी उचलायची आहे."

मी म्हणालो, "मग जॅक लाव."

"तशी नाही हो. कायमची उचलायची आहे. तीन-चार इंच."

वाचकहो, या पानावर वर्षभर मी पंप, पंखे, शिलाई यंत्रे आणि सायकली यांची दुखणी सांगत असतो, आणि दर वर्षी दिवाळी अंकाच्या वेळी संपादक बजावतात की, निदान या अंकात तरी काही हलकेफुलके द्या. यंदा मी विषय निवडला आहे तो तेराशे किलो वजनाचा आहे. संपादकांनी तो कसा उचलायचा ते पाहावे.

भाचा ओतूरच्या बाजूला राहतो. दोन एकर जमीन आणि सहा वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलेली पिकअप एवढा त्याचा संसार. टोमॅटोच्या हंगामात आसपासच्या शेतांतला माल भरायचा आणि नारायणगावच्या बाजारात पोचवायचा. कधी तिकडे भाव बरा असला तर माळशेज घाट उतरून कल्याणला न्यायचा. त्याची तक्रार अशी की, भरल्यावर गाडी मागून बसते, खड्ड्यात चाक गेले की खालून धाडकन आवाज येतो, आणि शेताकडच्या वाटेवर ओढा ओलांडताना पोटाला दगड लागतो. शिवाय पावसात रिकामी गाडी ब्रेक मारताच शेपूट हलवते. ही शेवटची तक्रार त्याने जाता जाता सांगितली. माझा कान मात्र तिथेच टवकारला.

सुटे भाग विकणाऱ्या कोणा दुकानदाराने त्याला इलाज सांगितला होता. दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवायचे आणि पाटे व एक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालायचा. गाडी वाघासारखी उभी राहील म्हणे. भाच्याला माझा सल्ला नको होता. माझे 'हो' हवे होते, म्हणजे मग आईला सांगता आले असते की मामांना विचारले आहे. मी 'हो' म्हणालो नाही. 'येतो' म्हणालो, आणि दुपारची एस.टी. पकडली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने फोनवर भागण्याजोग्या कामासाठी एवढी धडपड का करावी, त्याला कारण आहे. ते ओघात येईलच.

ज्यांनी गाडीखाली कधी डोकावून पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. मालगाडीच्या मागच्या चाकांवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी असते. सर्वांत वरची लांब, तिच्याखालची आखूड, तिच्याखाली आणखी आखूड. हे पाटे. वरचा तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. एक डोळा चॅसीला पक्का बसवलेला, दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या कडीला. मध्यभागी जुडी यू-बोल्टांनी एक्सलला आवळलेली. ओझे पडले की कमान सरळ होऊ लागते, लांबी थोडी वाढते, आणि ती वाढ झुलती कडी पोटात घेते. बैलगाडीला हे सुख नव्हते. टांग्याला होते. लहानपणी टांग्यात पुढे बसायला मिळावे म्हणून आम्ही भावंडे भांडत असू. मी मात्र मागे बसे, कारण मागून वाकून कमानी हलताना दिसत. त्याच वेळी घरच्यांनी ओळखायला हवे होते की हा मुलगा पुढे गाडीखालीच झोपणार.

आणखी एक गंमत सांगतो. ओझे आणि वाक यांचे नाते प्रथम मांडले रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने. पण शोध आपलाच राहावा आणि गुपितही फुटू नये, म्हणून १६७६ मध्ये त्याने एका पुस्तकाच्या शेवटी नुसती अक्षरे उलटसुलट करून छापली आणि १६७८ मध्ये त्यांचा उलगडा केला. जितके ओझे, तितका वाक. दुप्पट ओझे, दुप्पट वाक. एवढ्या एका वाक्यासाठी दोन वर्षे लोकांना कोड्यात ठेवले. भाच्याला मी हे चहाच्या वेळी सांगितले. तो म्हणाला, "मामा, पाट्यांचं बोला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी अंगणात घेऊन मी पोते अंथरले आणि खाली शिरलो. माझा एक जुना नियम आहे : मालकाचे ऐकण्याआधी गाडीचे ओरखडे वाचावेत. ओरखडे दोन जातींचे निघाले. एक, एक्सल वर येऊन आदळू नये म्हणून चॅसीखाली रबराचा गट्टू असतो, त्याचा चुरा झाला होता आणि लोखंडावर लोखंड घासून जागा चकचकीत झाली होती. धाडकन आवाज तिथला. दुसरे ओरखडे एक्सलच्या मधोमध जो गोळा असतो, ज्याच्या पोटात डिफरन्शियलचे दाते फिरतात, त्याच्या बुडाला. ते ओढ्यातल्या दगडाचे.

आता इथे मला भाच्याला बाहेर बोलावून शपथेवर सांगावे लागले की, पाटे बदलून हा गोळा एक केसभरही वर जाणार नाही. पाटे असतात एक्सलच्या वर. ते उंच केले तर त्यांच्यावरचा भाग उंच होतो, म्हणजे चॅसी, हौदा आणि हौद्यातले टोमॅटो. एक्सल चाकाला जोडलेला आहे; तो उचलायचा तर टायर मोठा घालावा लागेल, आणि टायर मोठा घातला की स्पीडोमीटरपासून ब्रेकपर्यंत सगळ्यांची गणिते बदलतात. गाडी उचलायला निघालेल्या दहांपैकी नऊ जण इथेच फसतात, हा माझा अनुभव आहे. पैसे पाट्यांवर घालतात आणि दगड गोळ्यालाच लागत राहतो.

"मग दगडाचं काय करायचं?" भाच्याने विचारले.

"पहार आहे ना घरात?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. सहा वर्षे रोज त्या दगडावरून गाडी नेली, पण दगड हलवावा हे काही त्याला सुचले नव्हते.

गट्टूचे प्रकरण मात्र खरोखर पाट्यांचे होते. शेजारच्या वस्तीवर अगदी हीच गाडी होती, जेमतेम वर्षभर वापरलेली, आणि मालक सज्जन. दोन्ही गाड्या रिकाम्या, सपाट ओट्यासमोर उभ्या केल्या. एक्सलपासून गट्टूची जागा किती दूर ते मोजले. शेजाऱ्याच्या गाडीत १७० मिलिमीटर, आमच्या गाडीत १२५. फरक ४५ मिलिमीटर, म्हणजे जुन्या भाषेत पावणेदोन इंच. मग दोन्ही गाड्यांत साठ-साठ कॅरेट चढवून वजनकाट्यावर नेल्या आणि फक्त मागची चाके काट्यावर घेतली. रिकामी असताना मागच्या चाकांवर ७०० किलो होते, आता १८०० झाले. पुन्हा उंची मोजली. शेजाऱ्याची गाडी ११० मिलिमीटर खाली आली होती.

आमची? तीही ११०.

मला एवढा आनंद झाला की काट्यावरच्या माणसाला वाटले, माझा काही पैशांचा फायदा झाला असावा. हिशेब असा : ११०० किलो दोन जुड्यांवर, म्हणजे एकीवर ५५०, ११० मिलिमीटरांनी भागले की दर मिलिमीटरला ५ किलो. नव्या पाट्यांचा तोच दर, जुन्या पाट्यांचाही तोच. म्हणजे आमचे पाटे मऊ पडले नव्हते. ते बसले होते.

या दोन शब्दांतला फरक गॅरेजात कोणी करत नाही, आणि सगळा घोळ तिथून होतो. पाट्याचा ताठपणा ठरतो त्याच्या मापांवरून : लांबी, रुंदी, जाडी आणि पाट्यांची संख्या. पोलाद कोणतेही घ्या, चांगले किंवा हलके, पाणी दिलेले किंवा न दिलेले, त्याचा ताठपणा जवळजवळ सारखाच. मग चांगल्या पोलादाने आणि पाणी दिल्याने मिळते काय? मिळते ते हे की, खूप वाकूनही पाटा पुन्हा मूळ जागी येतो. त्या मर्यादेपलीकडे वारंवार वाकवला तर तो पूर्ण परत येत नाही. थोडा थोडा बसत जातो. त्याची कमान गेली, पण ताठपणा तसाच राहिला. अशा गाडीला हवी असते हरवलेली उंची. दुकानदार विकतो ताठपणा. दोन जास्तीचे पाटे म्हणजे न झालेल्या रोगाचे औषध!

आणि हे औषध जालीम असते. आमच्या जुडीत सहा पाटे. त्याच जाडीचे दोन वाढवले तर ताठपणा सुमारे एकतृतीयांशाने वाढतो. जाडी वाढवली तर विचारूच नका, कारण ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी ९ मिलिमीटरचा पाटा घातला की तो एकटाच बेचाळीस टक्क्यांनी अधिक ताठ. एवढ्या ताठ पाट्यांवर रिकामी गाडी चेंडूसारखी उडते, आणि भरलेली गाडी खड्ड्याचा सगळा धक्का टोमॅटोच्या खालच्या थराला देते. बाजारात डाग पडलेल्या मालाला काय भाव मिळतो ते भाच्याला मी सांगण्याची गरज नव्हती. ही एकच गोष्ट त्याने तत्काळ मान्य केली.

पाटा भट्टीत तापवून घणाने कमान मारून घ्यायची, हा आणखी एक स्वस्त उपाय गावोगाव चालतो. लोहार कसबी असला तरी पोलादाचे पाणी त्या आचेत उतरते. पुन्हा नीट पाणी देऊन मोजक्या आचेवर उतरवले नाही, तर ती कमान महिन्या-दोन महिन्यांत बसते किंवा पाटा कडकन तुटतो. लांब शॅकल घालूनही उंची मिळते. पण कडी जेवढी लांब कराल त्याच्या निम्मीच, कारण एक्सल पाट्याच्या मध्यावर असतो. वर चालवताना गाडी आडवी डोलते ते वेगळे. हा उपाय मला कधीच आवडला नाही.

राहिला ठोकळा. त्याची आणि रिकाम्या गाडीच्या शेपटीची गोष्ट एकच आहे.

या गाडीच्या मागच्या बाजूला एक छोटी दांडी असते. एक टोक एक्सलला, दुसरे चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला. मागच्या ब्रेकला तेलाचा दाब किती द्यायचा हे तो व्हॉल्व्ह ठरवतो, आणि ठरवतो कशावरून, तर चॅसी एक्सलच्या किती जवळ आली आहे त्यावरून. हौदा खाली बसला की त्याला वाटते, माल भरला आहे. मागच्या चाकांवर भार आहे, ब्रेक जोरात लावा. हौदा वर असला की त्याला वाटते, गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक हलके ठेवा, नाहीतर चाके जागच्या जागी अडकून गाडी फिरेल. बिचाऱ्याला डोळे नाहीत. उंची हाच त्याचा वजनकाटा. आता पाटे पावणेदोन इंच बसलेले, म्हणजे रिकामी गाडीही त्याला अर्धी भरलेली वाटते. म्हणून पावसात शेपूट हलते. आणि चार इंचांचा ठोकळा घातला की उलटे : टोमॅटोने भरलेली गाडी माळशेज उतरते आहे, आणि व्हॉल्व्ह समजतो आहे की मागे काहीच नाही. मागचे ब्रेक अर्धेमुर्धे, सगळा भार पुढच्या ब्रेकवर. ते तापतात. तापलेले ब्रेक घाटात काय करतात हे ज्यांना माहीत आहे त्यांना मी सांगायला नको.

भाचा गप्प झाला होता. तेव्हा मी त्याला १९८४ सालची गोष्ट सांगितली. मी तेव्हा बसगाड्यांच्या एका कार्यशाळेत होतो आणि आपल्याला सगळे कळते अशा वयात होतो. माझ्या एका मित्राने टेंपो घेतला होता. तो भरल्यावर बसतो म्हणून मी स्वतः उभा राहून दोन्हीकडे दोन-दोन पाटे वाढवून दिले. महिनाभर मित्र खूष. मग आषाढात रिकामा टेंपो घेऊन तो कुंभार्ली घाट उतरत होता. वळणावर म्हैस आडवी आली, त्याने ब्रेक मारला, ताठ पाट्यांवर आधीच उडणारी मागची चाके रस्ता सोडून गेली आणि टेंपो फिरून डोंगराच्या अंगाला आदळला. त्याच्या डाव्या पायात अजून सळई आहे. गेल्या चाळीस वर्षांत त्याने मला एकदाही बोल लावला नाही. उलट त्या म्हशीलाच नावे ठेवतो. त्याच्याकडे गेलो की तो चहा आणायला लंगडत आत जातो, तेवढा वेळ मी भिंतीवरची दिनदर्शिका वाचतो.

म्हणून मी एस.टी. पकडली होती.

दुपारी जेवताना खरी लढाई झाली. मी म्हणालो, मूळ मापाची, मूळ कमानीची नवी जुडी घे, दोन्ही बाजूंची एकदम. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवलीस तर गाडी तिरकी उभी राहील. बुश, सेंटर बोल्ट, यू-बोल्ट आणि रबरी गट्टूही नवे. यू-बोल्ट एकदा ताणून आवळलेला असतो. तो पुन्हा वापरणे ही कंजुषी फार महाग पडते. आणि माल तेराशे किलो, म्हणजे साठ कॅरेट. बस्स.

भाचा ताटाकडे पाहत म्हणाला, "मी पंच्याऐंशी नेतो."

ते मला ओरखड्यांवरून कळलेच होते. पंच्याऐंशी कॅरेट म्हणजे अठराशे सत्तर किलो. तेवढ्यावर पाटे १५६ मिलिमीटर बसणार, आणि आमच्याकडे होते सव्वाशे. गट्टूचा चुरा होणारच. मी त्याला कायदा सांगितला : २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,०००. शिवाय नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निवाडा दिला आहे. चार इंचांच्या ठोकळ्यावर उभी राहिलेली गाडी अपघातानंतर विम्याच्या माणसाला काय सांगणार?

"मामा, कायदा बरोबर आहे. पण साठ कॅरेटच्या भाड्यात डिझेल, टोल आणि हमाली जाऊन हप्ता निघत नाही. वरच्या पंचवीस कॅरेटांवर माझं घर चालतं. तुमच्या दर मिलिमीटरला पाच किलोच्या हिशेबात तो हप्ता कुठं बसवू?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आजही नाही. यंत्राचा हिशेब मला येतो. बाजारात भाडे कोण ठरवतो, एकाने पंच्याऐंशी नेले की दुसऱ्याला साठ नेणे का परवडत नाही, हा हिशेब माझ्या पान्यांत बसत नाही. बहीण पोळी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "दादा, तो घाटात गेला की मला रात्रभर झोप लागत नाही. तू मापं सांगतोस ती सांग, पण त्याला रागावू नकोस." मी रागावलेलो नव्हतो. पण तिला तसे वाटले असेल, तर माझा आवाज चढला असावा.

संध्याकाळपर्यंत भाच्याने दोन गोष्टी केल्या. दुकानदाराला फोन करून जादा पाटे आणि ठोकळे रद्द केले, मूळ जुडीची मागणी दिली. आणि पहार घेऊन ओढ्याकडे गेला. मीही मागोमाग गेलो. दगड वरून जेवढा दिसत होता त्याच्या तिप्पट जमिनीत होता. दोन तास लागले. निघाला तेव्हा त्याच्या टोकावर गाडीच्या काळ्या रंगाचे पट्टे होते, सहा वर्षांचे.

पाटे आठवड्याने आले. घेताना काय पाहावे ते मी भाच्याला लिहून दिले होते : मेन पाट्याच्या दोन डोळ्यांतले अंतर, पाट्यांची संख्या, प्रत्येकाची जाडी, आणि दोन्ही जुड्या शेजारी उभ्या केल्यावर कमान सारखी दिसते की नाही. दुकानातल्या पोराने 'सगळे एकच असतात हो' म्हटले तर ऐकायचे नाही. एका जुडीतला एक पाटा जाड निघाला. ती परत केली. बसवल्यावर काही शे किलोमीटर गाडी भरून चालवायची आणि यू-बोल्ट पुन्हा आवळायचे, कारण नवे पाटे एकमेकांवर नीट बसेपर्यंत थोडी ढिलाई येतेच. व्हॉल्व्हच्या दांडीचे माप मिस्त्रीकडून तपासून घ्यायला लावले. उंची मोजून त्याने कळवली : १६८. मूळच्या १७० ला दोन कमी. नवा पाटाही पहिल्या महिन्यात किंचित बसतो. माझी हरकत नव्हती. शेपूट हलायचे थांबले होते.

दसऱ्याच्या दिवशी त्याने सोने पाठवतात तसे मला फोनवर एक चित्र पाठवले. वजनकाट्याची चिठ्ठी होती, मागच्या चाकांची. खाली लिहिले होते : 'मामा, आता मापात.' मी चष्मा लावला. चिठ्ठीवर कॅरेट लिहिलेले नसतात, नुसते वजन असते. १९५० किलो. त्यातून रिकाम्या गाडीचे ७०० वजा केले, आणि साठ कॅरेटांना ११०० या दराने अंगठ्यावर हिशेब केला. अडुसष्ट.

पंच्याऐंशी नव्हते. साठही नव्हते. मी फोन उचलला आणि त्याला लावला.